ब्रशबाईंची चौकशी

आमच्या ऑफिसच्या दारावर ‘बालसंरक्षण कार्यालय’ अशी पाटी आहे. तिच्या बरोब्बर खाली दुसरी पाटी आहे, ‘लहान मुलांना आत आणू नये’. दोन्ही पाट्या एकाच साहेबांनी एकाच दिवशी लावून घेतल्या आणि मग दोन्हींच्या मध्ये उभं राहून फोटो काढून घेतला. मी तिथली टायपिस्ट. सव्वीस वर्षं झाली. कुणाच्या घरात काय चाललंय हे मी दार न ठोठावता सांगू शकते, कारण जे काही चालतं ते शेवटी माझ्याच बोटांखालून जातं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्याकडे नोकरी म्हणून मिळते. पेन्शनसकट.

वाकून पाहायचं काम करणाऱ्या आमच्या बाई. हुद्दा चौकशी अधिकारी, खुर्ची तीन पायांची; चौथ्या पायाखाली जुन्या फायली. अमक्या घरात मुलाचे हाल होतात अशी तक्रार आली की त्या घरी जायचं, मूल बघायचं, अहवाल लिहायचा. त्यावर समिती बसणार आणि ठरवणार, की मूल आईबापाकडे राहील की बालगृहात जाईल. म्हणजे मूल कुणी न्यायचं हे समिती ठरवते, पण शिव्या बाईंना. दारातून हाकलल्या जायच्या, कुणी अंगावर कुत्रं सोडायचं, एकीने तर वरून बादली ओतली होती. बाई ओल्या साडीने ऑफिसात आल्या आणि मला म्हणाल्या, “लिही, घरात पाण्याची सोय मुबलक आहे.”

सगळे त्यांना ब्रशबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर मॅडम. मी मात्र तोंडावरही म्हणायचे, कारण मला बढती मिळणार नाही हे मला ठाऊक होतं आणि माणसाला एवढं एक स्वातंत्र्य पुरतं.

हे नाव कसं पडलं ते सांगते. कुठल्याही घरी जाण्याआधी सात दिवस पत्र पाठवायचं असा आमचा नियम. त्या पत्राचा मथळा काय असावा? ‘अचानक भेटीची पूर्वसूचना’. देवाशपथ. मी स्वतः हजारो टाईप केलीत. मग सात दिवसांत घराचा कायापालट होतो. फ्रिज भरतो, चादरी बदलतात, टेबलावर फळं येतात आणि पोरगं पुस्तक उघडून असं बसतं, की जन्मापासून दुसरं काही केलंच नाही. आमचे बाकीचे अधिकारी ती फळं खाऊन ‘घर उत्तम’ असं लिहून परत यायचे. बाई फळांकडे बघायच्याही नाहीत. “जरा हात धुऊन येते,” म्हणायच्या आणि थेट मोरीत शिरायच्या. तिथे दात घासायचे ब्रश मोजायच्या.

“माणूस सगळं सजवतो गं,” त्या सांगायच्या, “पण ब्रशापाशी गाफील राहतो. ज्या पोराचा ब्रश वाळलाय त्याला सकाळी कुणी उठवत नाही. ज्याला ब्रशच नाही, त्याला घरात कुणी धरतच नाही.” आणि बाई खऱ्या ठरल्या होत्या. एका मोठ्या बंगल्यात माणसं पाच, ब्रश चार. बाईंनी हट्टाने सगळी दारं उघडायला लावली, तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे सावत्र मुलाचं अंथरूण सापडलं. ते पोर आज मोठं होऊन कुठेतरी नोकरी करतं. बाईंचं खूप नाव झालं. साहेबांनी लगेच ‘ब्रश पद्धत’ या विषयावर तीन ठिकाणी भाषणं ठोकली आणि एक ट्रॉफी आणली. ट्रॉफी साहेबांच्या केबिनमध्ये आहे. बाईंना चहा मिळाला, तोही मी पाजला.

घरी बाईंचं कसं होतं? नवरा नकाशे काढणारा, दिवसाला चार वाक्यं बोलणारा, त्यातलं एक ‘जेवलीस का?’ मुलगी एकच, कॉलेजात. लहानपणी ती तापाने फणफणली होती त्या दिवशी बाई भलत्याच पोराला मांडीवर घेऊन कुठल्याशा पोलीस चौकीत बिस्किटं भरवत होत्या. मुलीने पुढे एकदा शांतपणे विचारलं, “आई, आपल्याच घराबद्दल तक्रार करायची तर कुठला फॉर्म?” बाईंनी ही गोष्ट मला खदाखदा हसत सांगितली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून घरी बसल्या. मुलगी त्या दिवशी मैत्रिणीकडे होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. मुलाच्या दप्तराला बाई हात लावत नसत. नव्या अधिकाऱ्यांना दम भरायच्या, “त्याच्या मालकीचं जगात तेवढंच असतं. विचारल्याशिवाय उघडाल तर याद राखा!” मला हे फार आवडायचं. आमच्या खात्यात आवडण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

तर एके दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची तक्रार आली. नऊ पानं, समास सोडून, मुद्देसूद. त्यांच्या वरच्या मजल्यावर लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस राहतो. बायको दोन वर्षांपूर्वी वारली. सात वर्षांची मुलगी शाळेतून एक वाजता येते, गळ्यात किल्ली अडकवलेली, आणि बाप येईपर्यंत चार वाजेतो एकटी. जिन्यात धावते. लिफ्टमध्ये बसून अभ्यास करते. ‘सबब मुलीचे भवितव्य धोक्यात आहे.’ उचलली जीभ लावली टाळ्याला! तीन तास वरच्या पोरीला आपल्याकडे बसवून घ्यायला या मुख्याध्यापिकेला काय झालं होतं? पण तसा रकाना तक्रारीच्या फॉर्मात नाही.

सात दिवस आधी पत्र गेलं. मीच टाईप केलं. ऐन वेळी बाईंची जोडीदार अधिकारी आजारी पडली आणि सोबत एक बाईमाणूस हवंच, या नियमामुळे मला नेण्यात आलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी एक ‘घर’ प्रत्यक्ष पाहायला गेले.

दोन खोल्या, तिसरा मजला. लिफ्ट बंद, लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली, त्यामुळे साहजिकच. बाप दारात उभा. शर्ट इतका नवा की घड्यांच्या रेघा अजून छातीवर होत्या. टेबलावर फळं. आतल्या खोलीत खुर्चीवर मुलगी. तिला तो टिल्ली म्हणत होता, आणि होतीही टिल्लीच. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, तरी दप्तर पाठीवर.

“दप्तर काढून ठेवतेस का? जड असेल,” बाई म्हणाल्या.

तिने मान हलवून नाही म्हटलं आणि दोन्ही पट्टे घट्ट धरले.

“बरं, राहू दे. तुझं आहे ते,” बाई हसून म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. मीही मागे गेले. नळावरच्या फळीवर एक पेला होता. पेल्यात एक ब्रश. मोठा, बापाचा.

बाईंनी हाक मारली, “मुलीचा ब्रश कुठाय?”

“असेल की मॅडम, तिथेच असेल. रोज घासते ती.” तो आला आणि शोधायला लागला. फळीवर, बादलीमागे, खिडकीत. मग कपाटात. दर मिनिटाला त्याचा घाम वाढत होता आणि दर मिनिटाला बाईंचा चेहरा घट्ट होत होता. शेवटी त्याने ड्रॉवरमधून एक छोटा गुलाबी ब्रश काढून पुढे धरला. “हा बघा. हाच तिचा.” ब्रश पाकिटात होता. पाकीट फोडलेलं नव्हतं.

झालं! मेल्या, नाही सापडत म्हणायचं होतंस की! पण घाबरलेला माणूस नेमका तिथेच खोटं बोलतो जिथे खोट्याची गरज नसते. मी तरी कुठे शहाणी? मी मनात म्हटलं, सापडला चोर. मला तर थोडा आनंदच झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला.

बाई मुलीपाशी खाली बसल्या. “तुझा ब्रश कुठंय गं?”

तिने बापाकडे बघितलं, मग जमिनीकडे. “माहीत नाही.”

एवढंच. चाळीस मिनिटं आम्ही तिथे होतो. जाताना बापाने फळं पुढे केली, ती आम्ही घेतली नाहीत. आम्ही तत्त्वाच्या बायका ना!

अहवाल मी दुसऱ्या दिवशी टाईप केला. ‘मुलीची दैनंदिन देखभाल होत असल्याचे आढळत नाही. पालकाने याबाबत खोटी माहिती दिली.’ समितीत तिघं असतात. त्यांनी पंधरा मिनिटं घेतली, त्यातली दहा पंखा कुणाच्या अंगावर येतोय यात गेली. मुलीला पुढील आदेशापर्यंत बालगृहात ठेवावं, असं ठरलं. न्यायला पुन्हा बाई आणि मी.

मला वाटलं होतं बाप आरडाओरडा करील. तो खाली बसून मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. वर न बघता म्हणाला, “मॅडम, मी काय करायला हवं होतं तेवढं तरी सांगा. मी करतो.” बाईंनी त्याला पुढच्या तारखेबद्दल सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला. नाडी तेव्हाही सैलच होती.

मुलगी म्हणाली, “बाबा, मी तयार आहे.” रडली नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. सात वर्षांचं पोर तयार कसं असतं?

बालगृहात गृहमाता असते. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वस्तूंची यादी करायची हे तिचं काम. तिला बाईंचे नियम लागू नव्हते. तिने टिल्लीच्या पाठीवरून दप्तर उतरवलं आणि टेबलावर सरळ उलटं केलं.

वह्या-पुस्तकं नव्हतीच. दोन फ्रॉक, वळकटी करून. लोकरीची टोपी. चार पेन्सिली रबराने बांधलेल्या. आमचं पत्र, चार घड्या घातलेलं. आणि एका पायमोज्यात गुंडाळलेला, छोटा, झिजलेला ब्रश.

बाईंनी तो हातात घेतला. अंगठा फिरवला. ब्रश ओला होता.

“हा इथे कसा?” बाईंचा आवाज मी ओळखला नाही.

टिल्ली गृहमातेकडेच बघत उत्तर देत होती, बहुतेक ती नवी मालकीण म्हणून. पत्र आलं त्या दिवशी तिने वाचलं होतं. तिला वाचता येतं, वर्गात पहिला नंबर. सगळे शब्द कळले नाहीत म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजींना, म्हणजे त्याच नऊ पानी मुख्याध्यापिकेला, जाऊन विचारलं. आजी म्हणाल्या, याचा अर्थ तुला घेऊन जाणार, आणि तिकडे ब्रशबिश कुणी देत नाही हो. म्हणून तिने सामान भरलं. रोज सकाळी ब्रश काढायचा, दात घासायचे, पुसून परत ठेवायचा. बाबांना सांगितलं नाही, कारण बाबा रडले असते.

“मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही काढून घेतला असता.”

गृहमातेने यादीत लिहिलं, ‘ब्रश, एक.’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि चोर कोण, तर आमचंच पत्र. आम्ही येणार म्हणून पोरीने ब्रश लपवला, आणि ब्रश नाही म्हणून आम्ही पोरीला उचललं. वा रे संरक्षण! बाई तिथल्या तिथे मुलीला परत न्यायला निघाल्या. गृहमाता म्हणाली, “मॅडम, सही झाली. आता समितीच्या कागदाशिवाय मी हिला तुमच्याबरोबरही बाहेर सोडणार नाही.” समिती पुन्हा बसणार अकरा दिवसांनी.

बाई ऑफिसात येऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. मी दारात, फाईल हातात धरून, अर्थात ऐकायला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “त्यात काय एवढं? ‘नवीन बाब निदर्शनास आली’ असं लिहा.”

“नवीन नाही साहेब. ब्रश तेव्हाही तिथेच होता. मी चुकले.”

“अहो, ‘चुकले’ लिहू नका हो. आपल्याकडे तसा शब्द नाही. उद्या ब्रश पद्धतीचंच काय होईल?” साहेबांची नजर ट्रॉफीकडे गेली. “पोरीला अकरा दिवस चांगलं खायला-प्यायला मिळतंय. कुठे घोडं पेंड खातंय?”

बाई माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “लिही. माझी चूक झाली.” मी म्हटलं, “बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला? दोन वर्षं राहिलीत तुमची.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टाईप केलं. एका वाक्याला मला तीन कागद लागले. माझ्याकडून टाईप करताना चूक होत नाही कधी, त्या दिवशी ‘चूक’ हाच शब्द दोनदा चुकला.

अकरा दिवस बाई रोज संध्याकाळी लिफ्टवाल्याकडे जायच्या. भेटीची वेळ नाही, फॉर्म नाही, काही नाही. तो दार उघडायचा, त्या सांगायच्या, “आज भात खाल्ला. आज शेजारच्या पलंगावरच्या मुलीशी बोलली.” तो मान हलवायचा आणि दार लावायचा. आत बोलावलं नाही एकदाही. का बोलवावं?

समितीपुढे बाईंनी तो कागद स्वतः वाचला. मग अध्यक्षबाई चष्म्यावरून म्हणाल्या, “मागच्या वेळी तुम्हीच सांगितलंत मुलगी काढा. आता म्हणता द्या. या वेळी तरी खात्री आहे ना तुमची?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “खात्री मागच्या वेळी होती.”

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. समितीला नाही वाटलं, पण त्यांनी मुलगी दिली. बाईंना त्याच आठवड्यात मेमो मिळाला, ‘कार्यालयाच्या प्रतिमेस बाधा आणल्याबद्दल’. तोही मीच टाईप केला. माझ्या बोटांना कुणाची बाजू घेता येत नाही.

मूल घरी परतलं की महिन्याने आणखी एक भेट द्यावी लागते. पत्र पाठवायचं होतं. बाई म्हणाल्या, “पत्र नको,” आणि फोन लावला. “येऊ का? नको म्हणालात तरी चालेल. मी तसं लिहीन.” मग तो म्हणाला, “या.”

गेलो. या वेळी टेबलावर फळं नव्हती, कालचं वर्तमानपत्र आणि न धुतलेले दोन कप होते. बापाच्या अंगावर ग्रीसचे डाग पडलेला कामाचा शर्ट. टिल्ली त्याच्या खुर्चीला टेकून उभी होती. मध्येच तिने बापाला विचारलं, “सर, पाणी पिऊ का?” आणि जीभ चावली. बालगृहात सगळ्या पुरुषांना सर म्हणायचं असतं. बापाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाणी आणायला स्वतःच उठला. मी उगाच पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

बाई खाली जमिनीवर बसल्या, म्हणजे त्यांचं तोंड टिल्लीच्या तोंडासमोर आलं. गुडघे कटकन वाजले. साठीला टेकलेली बाई, तिला उठवायला आता दोघं लागणार हे मला दिसत होतं.

“टिल्ली, मला तुला एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “मी चुकले. तुझ्या बाबांचं काही चुकलं नव्हतं. तुझंही नाही. तुला इथून न्यायला नको होतं. चूक माझी होती.”

बाप पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबला. आमच्या खात्याच्या इतिहासात असं वाक्य कुणी कुणाला म्हटलं नसेल, आणि मी मनात म्हटलं, आता पोर रडेल, बाई रडतील, मीही मोकळी होईन.

टिल्ली रडली नाही. तिने बाईंकडे नीट बघितलं. रागाने नाही, शाळेचं वेळापत्रक विचारावं तसं तिने विचारलं, “मग तुम्हाला न्यायला कोण येणार?”

“टिल्ली!” बाप म्हणाला.

मला वाटलं, बावीस वर्षं मुलांशी बोलण्यात घालवलेली बाई आहे, काहीतरी सुचेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या.

टिल्लीने समजल्यासारखी मान हलवली, आणि जाऊन बापाच्या पायामागे उभी राहिली.